फुटबॉलची भिशी

“पाच हजार भरायचे, आणि पहिला नंबर आला तर?”

“चाळीस.”

“दुसरा आला तर?”

“दुसऱ्याला ट्रॉफी.”

“तिसऱ्याला?”

“तिसऱ्याला काय असणार, सविता? तिसरा म्हणजे हरलेलाच.”

“थांबा. दहा माणसं, पाच-पाच हजार. पन्नास झाले. चाळीस एकाला गेले. वरचे दहा कुठे गेले?”

“शेवटी सगळ्यांचं जेवण असतं. गंगापूर रोडला.”

“म्हणजे नऊ जणांनी स्वतःच्या पैशाने एकाचं कौतुक करायचं, आणि वर त्याच्याच टेबलावर बसून सूप प्यायचं.” सविताने परातीतल्या कणकेवर पाण्याचा हबका मारला. “आमच्या भिशीत कुणी असा हिशेब मांडला असता ना, चिमणाबाईंनी त्याला चपला घालायला वेळ दिला नसता.”

“भिशी वेगळी. हा खेळ आहे.”

“खेळ आहे तर पैसे कशाला?”

शेखर देवरेकडे याचं उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने पंख्याचा स्पीड वाढवला.

सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे, त्यांचं घर वर आणि सविताचं पोळी-भाजी केंद्र खाली. शेखर अंबडच्या एका कंपनीत टूल रूमला. देवळ्याहून नाशकात आला तेव्हा विशीत होता, अंगात वारं होतं, आणि कंपनीची फुटबॉलची टीम होती. शेखर डाव्या बाजूने पळायचा. अजूनही कुणी विषय काढला की तो खुर्चीतल्या खुर्चीत डावा खांदा किंचित पुढे काढतो, जणू आत्ता कुणी पास देणार आहे. पुढे टीम बंद झाली. मग त्याचा गुडघाही बंद पडला, आणि शेखरचं फुटबॉल टीव्हीवर आणि टीव्हीवरून मोबाईलवर आलं.

मोबाईलवरचा खेळ असा, की इंग्लंडात खरोखर खेळणाऱ्या खेळाडूंमधून आपण आपला संघ निवडायचा. तिकडे त्यांनी गोल मारला की इकडे आपल्याला गुण. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. शनिवारी दुपारी सामने सुरू व्हायच्या आधी संघ बंद होतो. ॲप फुकट; पैसे ज्याने त्याने आपापल्या गटात ठरवायचे. कंपनीतल्या साहेब लोकांचा असाच गट होता, आणि शेखरला त्या गटात जायचं होतं, ते चाळीस हजारांसाठी मुळीच नाही. क्वालिटीचे बेदमुथा साहेब, वय अठ्ठावीस, एकदा कँटीनमध्ये त्याला म्हणाले होते, “काका, तुमच्या काळात ऑफसाइडचा नियम होता का हो?” सगळं टेबल हसलं. शेखरही हसला. पण त्या दिवशीची उसळ त्याला अजून आठवते. त्या टेबलावर बसायचं, त्यांच्यातला एक म्हणून बसायचं, आणि कुणीतरी विचारायचं की देवरे, तुम्हाला काय वाटतं, कुणाला घ्यावं. एवढंच त्याला हवं होतं.

हे बायकोला कसं सांगणार? त्यापेक्षा चाळीस हजार सोपे.

“गेटवर मुन्नाच्या टपरीवर पण लीग आहे म्हणता ना,” सविता म्हणाली. “तिथे किती?”

“शंभर रुपये. पन्नास जण. पहिल्याला हजार.”

“आणि बाकीचे चार हजार?”

“ते मुन्ना चहाच्या उधारीत वळते करून घेतो. तो म्हणतो हिशेब सोपा पडतो.”

“त्याला सोपा पडणारच.” सविताने कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि हात पुसले. “मग मीच काढते तुमच्या फुटबॉलची भिशी.”

शेखर हसला. सविता हसली नाही. वीस-बावीस वर्षं ती या गल्लीची भिशी चालवत होती. दर महिन्याच्या दहा तारखेला बायका केंद्रात जमायच्या, साखरेच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडायच्या, चिमणाबाई डोळे मिटून एक उचलायच्या, आणि जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याची सगळी रक्कम. एकीचं वॉशिंग मशीन, एकीच्या मुलीची फी, एकीचा दात. कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता.

“तीनशे रुपये महिना,” सविता म्हणाली. “ऑगस्ट ते मे, दहा महिने. माणसं दहा, तुम्हाला धरून. त्या महिन्यात ज्याचे गुण जास्त त्याला तीन हजार. बाकी नेम भिशीचेच.”

“बायका फुटबॉल खेळणार?”

“बायका भिशी खेळणार. तुमचा फुटबॉल मधे आला तर येऊ दे.”

“आणि माझं साहेबांकडचं?”

“त्यांचा दुसरा राउंड जानेवारीत सुरू होतो म्हणालात ना. इथे जिंकलेल्या पैशातून भरा. मी एक शब्द बोलणार नाही.”

शेखर बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि त्याने मनातल्या मनात दोन्ही लीग शेजारी शेजारी ठेवल्या. तिकडे पाच हजार घालून चाळीस, आणि समोर नऊ इंजिनिअर, ज्यांतले दोन तर लॅपटॉपवर तक्ते काढतात. इकडे वर्षभरात मिळून तीन हजार घालायचे, बक्षिसं तीस हजारांची, आणि समोर नऊ बायका, ज्यांनी आयुष्यात एक सामना पाहिलेला नाही. दुसऱ्या महिन्यातच त्याची साहेबांची फी वसूल. तिसऱ्यापासून निव्वळ नफा. बिचाऱ्या, त्याला वाटून गेलं. एखादा महिना चिमणाबाईंना सोडावा.

“चालेल,” तो आत येऊन म्हणाला, आवाजात शक्य तितका मोठेपणा आणून.

“प्रमुखाची असते पहिली भिशी,” सविता म्हणाली. “पण जाऊ द्या. यंदा मी ती सोडते. पहिल्या महिन्यापासून गुणांवरच द्यायची.”

शेखरला ते फारच न्याय्य वाटलं.

संघ निवडायला बायका केंद्राच्या पायऱ्यांवर बसल्या तो शनिवार होता. एमआयडीसीची सुट्टी असल्यामुळे डबे कमी होते. शेखरने शिकवायची तयारी दाखवली, पण त्याला कुणी विचारलं नाही. चिमणाबाई मूळच्या सायखेड्याच्या, साठी ओलांडलेल्या. त्या फोटो बघून माणसं घेत होत्या.

“ह्यो नको. मानेवर गोंदलंय सगळं. ह्याच्या आईला काय वाटत आसंल.”

“चिमणाबाई, तो गोल मारतो,” शेखर म्हणाला.

“मारू दे की. माझ्या दारात नको. हा बघा, हा खात्यापित्या घरचा दिसतो. हा घ्या. आन् कप्तान ह्याला करा.”

“तो गोलकीपर आहे.”

“म्हणून तर. सगळ्यांचे शर्ट एक, ह्याचा येगळा. कांद्याच्या टोळीत ज्याचा शर्ट येगळा त्योच मुकादम ऱ्हातो, भाऊजी. तुम्ही देवळ्याचे ना? तुम्हाला म्हाईत पायजे.”

जैतुनबी येवल्याची. गल्लीच्या टोकाला साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, माहेरी पैठणीचे माग. तिने अकराच्या अकरा जण एकाच क्लबचे निवडले आणि ॲपने नकार दिला. “एका क्लबचे तीनच घेता येतात,” शेखरने सांगितलं.

“का बरं? एका मागावरची माणसं एकमेकांचा हात ओळखतात. दहा ठिकाणची गोळा करून काय विणणार तुम्ही, भाऊजी?”

शेखरने तिचे आठ जण काढून टाकले. तिच्या प्रश्नाचं उत्तर फुटबॉलच्या जाणकारांकडेही नसावं.

ऑगस्ट संपला आणि जे व्हायचं तेच झालं. शेखर पहिला. दहा तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेला. सविताने त्याच्या हातात तीन हजार ठेवले, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याने स्वतःच्या खिशातून पेढे वाटले. चिमणाबाईंच्या मुकादमाने एका सामन्यात पेनल्टी अडवून त्यांना चौथ्या नंबरावर आणलं होतं आणि त्या ते सगळ्यांना दोनदा सांगत होत्या. रात्री शेखरने पैसे कपाटात शर्टांखाली ठेवले. आता दोन हजारच कमी होते.

सप्टेंबरातही तोच पहिला, आणि तोही केवढ्या फरकाने. दहा तारखेला त्याने तोच शर्ट घातला. सविताने पैसे मोजले, पाकिटात घातले आणि जैतुनबीला दिले.

शेखरचा हात अर्ध्यावर राहिला. “अगं, पहिला मी आहे.”

“हो. अभिनंदन.”

“मग हे?”

“तुमची लागली ना मागच्या महिन्यात.”

“लागली काय? लागायला ती चिठ्ठी होती का? मी जिंकलोय.”

“जिंकलात म्हणूनच लागली. एकदा भिशी लागली की आपली चिठ्ठी डब्याबाहेर. ज्यांची राहिली त्यांच्यात पहिली कोण, जैतुनबी. तिला दिली.”

“डबा कुठाय इथे? हे फुटबॉल आहे!”

“डबा हाय की,” चिमणाबाई म्हणाल्या आणि फळीवरचा साखरेचा डबा दाखवला.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मी म्हणाले होते, बाकी नेम भिशीचेच,” सविता म्हणाली. “दहा महिने, दहा माणसं. तुम्हाला काय वाटलं, दहाच का?”

शेखरने आजूबाजूला पाहिलं. नऊ बायकांपैकी एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांच्या लेखी पाऊस वरून खाली पडतो तशी ही गोष्ट होती. ती कुणाला सांगावी लागते हेच त्यांना नवीन होतं.

“म्हणजे मी आता मेपर्यंत कितीही वेळा पहिला आलो तरी काही नाही?”

“टाळ्या वाजवू की आम्ही,” जैतुनबी पाकीट पर्समध्ये ठेवत म्हणाली.

“मग मी सोडतो ही लीग. आजच्या आज.”

चिमणाबाईंनी पदर सावरला. “भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या, “भिशी उचलून मधी सोडनाऱ्याला काय म्हनत्यात, ते सविताला घरात इचारा. चारचौघांत नको.”

शेखर वर गेला. पेढ्यांचे पैसेही आपलेच गेले, हे त्याला जिन्यात आठवलं.

पुढचे दोन आठवडे त्याने ॲप उघडलं नाही. त्या महिन्याचे तीनशे मात्र न बोलता दिले. देवरेंच्या घरात भिशी बुडवणारा निघाला असं त्याला ऐकायचं नव्हतं. त्याच्या संघातले दोन खेळाडू जखमी होऊन घरी बसले आणि तो दहावा गेला. सविताने त्याला छेडलं नाही, हे त्याला जास्त लागलं.

आणि मग एका शनिवारी दुपारी चिमणाबाई मोबाईल हातात धरून जिना चढून वर आल्या. त्यांचं जिना चढणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या आधी दम खात बसल्या, मग पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, “भाऊजी, मुकादम बदलू का?”

“मला काय विचारता? तुमच्या सविताला विचारा.”

“ती काय सांगंल? तिची भिशी लागायची ऱ्हायलीय. जैतुनबीची लागली, पन ती गालात हसती, तिचा काय भरवसा नाय. तुमचं काय ऱ्हायलंय आता? तुम्हाला ना घेनं ना देनं. तुम्ही खरं सांगाल.”

शेखरने फोन हातात घेतला, केवळ म्हातारं माणूस एवढं वर आलंय म्हणून. संघ बघितला आणि त्याच्याच्याने राहवेना. “हे काय केलंय तुम्ही? हा दोन महिने खेळतच नाहीये, तो नुसता बाकावर बसतो.”

“बसतो? आन् मी त्याला पोसतीय?”

“काढा त्याला. हा घ्या. उजवीकडून धावतो, ह्याच्या पुढच्या चारही मॅच सोप्या आहेत. आणि मुकादमाला मुकादमच राहू द्या, पण कॅप्टन नको. कॅप्टन हा करा.”

“हा गोंदलेला?”

“गोंदलेलाच. आईच्या मनाचं आपण नंतर बघू.”

सोमवारपर्यंत गोंदलेल्याने तीन गोल मारले होते आणि चिमणाबाई त्याला घरातल्यासारखं ‘आपला गोंद्या’ म्हणू लागल्या होत्या. ऑक्टोबरची भिशी त्यांची लागली. पुढच्या शनिवारी शेखर दूध घेऊन परतला तर पायऱ्यांवर चार जणी मोबाईल घेऊन बसलेल्या.

“भाऊजी, आधी मी.”

“तू कशी आधी? मी पोळ्या टाकून आलेय.”

“भाऊजी, ह्याचा पाय दुखतो म्हणतात, खरंय का?”

शेखरने दुधाची पिशवी सविताकडे दिली आणि वरच्या पायरीवर बसला. उठायला दोन तास लागले. त्याने ऑफसाइड समजावला, एका बाजूला चहाचे कप आणि दुसऱ्या बाजूला वाटाण्याच्या शेंगा मांडून, आणि जैतुनबीने त्यावर असा प्रश्न विचारला की त्याला शेंगा पुन्हा मांडाव्या लागल्या. नोव्हेंबरात केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या भागीबाईंची लागली. त्या सुरगाण्याकडच्या, फार कमी बोलणाऱ्या. पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी शेखरच्या डब्यात नागलीच्या दोन पापड्या जास्त आल्या. कशाबद्दल ते कुणी बोललं नाही.

शनिवार त्याचा होऊन गेला. आठवडाभर कंपनीत तो मशीनवर उभा राहून विचार करायचा की या शनिवारी अमकीला काय सांगावं, तमकीचे गुण कुठे अडकलेत. सगळ्यांना एकच सल्ला द्यायचा तर मजा जाते. आणि एकीला एक, दुसरीला दुसरा द्यायचा तर लबाडी होते. शेवटी त्याने ठरवलं की सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. बायकांनी त्यातलं निम्मं ऐकायचं आणि निम्मं आपल्या मनाचं करायचं. त्यामुळे सगळं आपोआप जमून जायचं.

डिसेंबरची भिशी सविताची लागली. शेखरने तिला सांगितलेला कॅप्टन तिने घेतला नव्हता.

जानेवारीची दहा तारीख उलटल्यावर पहिल्याच शनिवारी, दुपारचं जेवण झाल्यावर सविताने कपाटातलं त्याचं पाकीट आणून टेबलावर ठेवलं, आणि स्वतःच्या भिशीतल्या दोन हजारांच्या नोटा त्यात घातल्या.

“झाले पाच. साहेबांचा राउंड आज सुरू होतोय ना? शब्द दिला होता मी. एक अक्षर बोलणार नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. बेदमुथा साहेबांचाच होता, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा मोकळा होता.

“काका, एक जागा आहे बरं का. येताय ना? गंगापूर रोडला, माझ्याकडे. दर शनिवारी तीनला जमतो आपण, संघ बंद व्हायच्या आधी. मस्त चर्चा होते. यायलाच लागतं, हां, तोच आपला नियम.”

“दर शनिवारी?”

“दर शनिवारी. मे एंडपर्यंत.”

खालून चिमणाबाईंचा आवाज आला. “भाऊजी, उतरताय ना? गोंद्याला बसवलंय म्हनत्यात.” पाठोपाठ जैतुनबी कुणाला तरी सांगत होती की अजिबात बसवलेलं नाही, तिने सकाळीच वाचलंय, आणि भाऊजी येऊन खरं-खोटं करतील.

शेखर खिडकीपाशी गेला. पायऱ्यांवर आज सात जणी होत्या. त्याची वरची पायरी मोकळी ठेवलेली होती. त्यावर कुणीतरी पोतं चौपदरी करून घातलं होतं, गुडघा दुखतो म्हणून.

“साहेब,” तो फोनवर म्हणाला, “बोलावलंत, बरं वाटलं. खरंच. पण शनिवारी तीनला मला नाही जमायचं.”

“का हो काका? फी जास्त वाटते का?”

“फी तयार आहे. माझी इथे लीग आहे.”

“अच्छा. पहिला नंबर का तुमचा?”

“नाही, माझी भिशी लागून गेली.”

बेदमुथा साहेबांना ते कळलं नाही, आणि शेखरलाही समजावत बसायला वेळ नव्हता. त्याने फोन ठेवला. सविता टेबल पुसत होती, पाकिटाभोवतीने, पाकीट न हलवता. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वीस-बावीस वर्षं ज्या चेहऱ्याने तिने साखरेच्या डब्यावर झाकण लावलं होतं, तोच हा चेहरा होता.

आणि मग शेखरच्या डोक्यात काहीतरी फिरलं. इतके महिने ते तिथेच पडून होतं.

“सविता.”

“हं.”

“पहिली भिशी प्रमुखाची असते.”

“असते.”

“एकदा जैतुनबीच्या आईचं ऑपरेशन होतं, तेव्हा तिने मागितली होती पहिली. तिलाही नव्हती दिलीस. नेम म्हणजे नेम म्हणालीस.”

“म्हणाले असेन.”

“मग ऑगस्टची का सोडलीस?”

सविताने फडकं पिळलं आणि खिडकीत वाळत घातलं.

“पहिल्या महिन्यात मीच पहिला येणार, हे शेंबडं पोरही सांगू शकत होतं. मी आलो की माझी चिठ्ठी बाहेर. ती बाहेर पडली की तीन हजारांवर काटा अडकणार, आणि साहेबांची फी काही भरायची नाही. तुला हे ऑगस्टातच माहीत होतं. होतं ना?”

सविताने खुंटीवरची केंद्राची किल्ली घेतली. पदर खोचला. दारात चपला सरळ केल्या, आधी त्याच्या, मग स्वतःच्या.

“अगं, मी काय विचारतोय? होतं ना माहीत?”

ती जिना उतरून गेली.